गवराबाईंची सहा फुटी पिशवी

इस्त्री करताना माणसं सदरा जाळतात, फार तर पाटलोण. मी सहा फूट लांबीची पिशवी जाळली. तीही दुसऱ्याची, आणि तीही भर सकाळी, कॉलनीच्या नळावर बायकांची रांग लागलेली असताना.

हेतू चांगला होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात. आमच्या घरात आजवर जे जे फुटलं, सांडलं किंवा जळलं, ते चांगल्या हेतूनंच. सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्समध्ये कारकून होतो, आणि कुणीच तयार होईना म्हणून कामगार करमणूक मंडळाचा चिटणीसही होतो. मंडळाचा एक वाद्यवृंद होता. पेटी, तबला, दोन फिडलं, एक क्लॅरिनेट आणि लक्ष्मणरावांचा डबल बेस. ज्यांनी डबल बेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिडल हे वासरू धरलं, तर डबल बेस हा त्याच घराण्यातला पोळ्याला पहिला मान असलेला बैल. माणसाहून उंच, पोटानं भरदार, उभं राहूनच वाजवायचा. आणि आवाज असा खोल, की विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी विचार करतंय असं वाटावं.

तालमीनंतर हा बेस माझ्या घरी मुक्कामाला होता. त्याची पिशवी लष्करी ताडपत्रीची, म्हातारीच्या गालासारखी सुरकुतलेली. पुण्याला स्पर्धेला जायचंय, जरा नीटनेटकी दिसावी, म्हणून मी ती ओट्यावर पसरली, पितळी इस्त्रीत निखारे भरले आणि टेकवली. ताडपत्रीला मेण पाजलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आधी धूर, मग वास, मग भप्पकन जाळ. नळावरची रांग मोडली. माझ्या बायकोनं, विमलनं, भरली घागर पिशवीवर उपडी केली, आणि तळाशी उरलेलं पाणी माझ्यावर. मी पेटलेलो नसताना.

पिशवीचे दोन पट्टे आणि एक बक्कल तेवढं उरलं.

संध्याकाळी पहिली शिफ्ट सुटल्यावर लक्ष्मणराव आले. हा माणूस तळवड्याचा, घरची शेती, कारखान्यात फिटर. लढाईच्या काळात पलटणीच्या बॅन्डमध्ये बेस वाजवायला शिकला. पलटण मोडल्यावर देहूरोडला लष्करी सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मोडक्या कपाटांच्या ढिगात पलटणीतला हाच बेस त्याला दिसला आणि त्यानं तो बैलगाडीत घालून घरी आणला. पुढची दहा वर्षं तळवड्याच्या कणगीच्या खोलीत तो एकटाच वाजवत होता. ऐकायला ज्वारी.

मी सकाळपासून माफीचं भाषण तयार करून ठेवलं होतं. ते ऐकून न घेता लक्ष्मणरावांनी राखेतलं बक्कल उचललं, पुसलं, खिशात टाकलं आणि विचारलं, "बेस बरा हाय ना?"

"बेस आत आहे. त्याला काही झालेलं नाही."

"मग बरं."

बस्स. मी तर हादरलोच. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री जेवण गेलं असतं.

"पण साहेब," ते म्हणाले, "पोटाला जुनी चीर हाय. सरस लावून बसवलीय. उघडा ट्रकात घातला आन् एक खड्डा लागला, की संपलं. आन् दौलतराव काय म्हणलेत ते तुम्ही ऐकलंय."

ऐकलं होतं. दौलतराव म्हणजे आमचे हेडक्लार्क आणि मंडळाचे अध्यक्ष. स्वतः पेटी वाजवत, आणि पेटीखेरीज बाकीची वाद्यं म्हणजे न सांगता जेवायला आलेले पाहुणे असं त्यांचं मत होतं. मागच्याच बैठकीत त्यांनी सुनावलं होतं, "लक्ष्मणराव, तुमचं हे कपाट ट्रकात चार माणसांची जागा खातं, आणि वाजवलं तर कुणाला ऐकू येत नाही. पुण्याला शेवटचं नेऊ. तिथं कुणा एकाला जरी ते ऐकू आलं तर ठेवू. नाहीतर खुशाल तळवड्याला परत न्या."

म्हणजे दहा दिवसांनी बेस धडपणे पुण्याला पोचायला हवा होता, नाहीतर लक्ष्मणरावांच्या नशिबी पुन्हा कणगी. आणि मी त्याची पिशवी जाळून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी शोधायला निघालो. देहूरोडचा तंबूवाला म्हणाला, "होईल की. दिवाळीनंतर या." तेव्हा नुकती संक्रांत झाली होती. चाकणच्या अडत्यानं कांद्याची चार पोती जोडून द्यायची तयारी दाखवली. मी एक पोतं नमुना म्हणून घरी आणलं, तर विमलनं मला आणि पोत्याला मिळून मागच्या दारी बसवलं. सुताराकडे गेलो. त्यानं बेसभोवती फिरून फिरून लाकडी पेटीचा असा बेत सांगितला की ती उचलायला सहा जण लागले असते. दोन पुढं, दोन मागं, दोघं मधे. "आणि पुढं मडकं धरायला कोण?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. सुतार रागावला.

शेवटी विमल म्हणाली, "गवराबाईंना का नाही विचारत?"

"कोण गवराबाई?"

"गोधड्या शिवतात त्या. महाळुंग्याच्या. सध्या चौथ्या ओळीत सुमनताईंकडे बसल्यात."

मी उडालोच. पलटणीत वाजलेलं विलायती वाद्य, आणि त्याला गोधडी? पण हातात सात दिवस उरले होते. गेलो.

गवराबाई सुमनताईंच्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. वय पन्नास ते सत्तर यांच्यामधलं कुठलंही. नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, पदराला टोचलेल्या पाच सुया, दातांना मिसरी. महाळुंग्याहून चालत यायच्या, ज्या घरी काम असेल तिथं ओट्यावर मुक्काम ठोकायच्या आणि गोधडी झाली की पायलीभर बाजरी पदरात घेऊन पुढच्या ओट्यावर. मी पिशवीची हकीकत सांगितली. त्यांनी सुई न थांबवता विचारलं, "तूच का रं पिशवीला इस्तरी करनारा कारकून?"

माझी कीर्ती चौथ्या ओळीपर्यंत पोचली होती.

"हो. म्हणजे... लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी..." मी कागद काढला.

"कागदाला निजवायचंय का?"

"नाही, म्हणजे माप..."

"जो निजनार हाय त्याला आन. त्याला बगितल्याबिगर मी सुई लावत न्हाई."

म्हणजे रीतच ती होती. गवराबाई टेप लावत नसत. ज्याच्यासाठी गोधडी, त्या माणसाला जुन्या लुगड्यावर आडवं व्हायला लावायचं, हातपाय पसरायला लावायचे, कूस वळवायला लावायची, आणि मग कोळशानं रेघ मारायची. पुढं पुष्कळ वर्षांनी मला कळलं की आमच्या कॉलनीतले सगळे पुरुष, दौलतरावांसकट, कधी ना कधी त्यांच्यापुढे असे उताणे पडलेले होते.

संध्याकाळी आम्ही बेस आमच्या ओट्यावर आणला. गवराबाईंनी लुगडं अंथरलं. "हां, निजवा. डोकं उगवतीला करा."

लक्ष्मणरावांनी बेस निजवला. मला वाटलं, आता हसतील. कुणीच हसलं नाही. गवराबाईंनी बेसच्या पोटावर तळवा ठेवला, हलकेच थोपटलं, कान लावला. मग एकदम, काही कळायच्या आत, पोटावरच्या लांबट भोकातून दोन बोटं आत घातली! पलटणीतल्या साहेबालासुद्धा हात लावू न देणारे लक्ष्मणराव मात्र शांत उभे.

"आत काय बी न्हाई की रं!" गवराबाई आश्चर्यानं म्हणाल्या.

"न्हाई. पोकळ हाय. पोकळीतूनच बोलतो."

"थंडी वाजती ह्याला?"

आता मी हसणारच होतो. पण लक्ष्मणराव गंभीरपणे म्हणाले, "वाजती. थंडीत आवळतो, पावसाळ्यात फुगतो. उन्हाळ्यात चीर उघडती. तिथं... डाव्या कुशीला."

"मग तितं जादा पदर घालाया लागतील."

"घाला."

आणि दोघं त्या लाकडी धुडापाशी उकिडवे बसून, तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसावं तसे, हळू आवाजात बोलू लागले. मी चिटणीस या नात्यानं मध्ये काही सुचवायला गेलो, तर गवराबाई म्हणाल्या, "कारकून, तू चुलीपाशी जाऊ नगंस म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी कोरा करकरीत मांजरपाट विकत आणला. गवराबाईंनी तो दोन बोटांत धरून माझ्या मांडीवर परत टाकला. "नवं कापड ऐकत न्हाई. दहा वर्सं आंगावर राह्यलेलं कापड आन. त्याला कुनाला कसं धरायचं ते कळतं."

म्हणून मी, करमणूक मंडळाचा चिटणीस, हातात वेताची टोपली घेऊन, अकरा घरी जुनी लुगडी आणि धोतरं मागत फिरलो. दौलतराव घरात नव्हते. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी त्यांचं एक धोतर दिलं. गवराबाईंनी ते उजेडात धरलं आणि निकाल दिला, "ह्याचा मालक बसून खातो. गुडघं नवं हायती, बूड तेवढं इरलंय." मी घाईनं इकडेतिकडे पाहिलं. हे धोतर कुणाचं ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

पाच दिवस त्या आमच्या ओट्यावर बसून होत्या. एकावर एक नऊ पदर, चिरेपाशी तेरा. कडेनं लाल काठ. पुढून मिटायला लेकराच्या अंगड्यासारखे पंधरा बंद. आणि बेसच्या मानेवरचा तो गोल वळलेला शेंडा उघडा राहतो, हे बघून त्यांनी त्याला वेगळी कुंची शिवली, गोंड्यासकट. विमल म्हणाली, आमच्या लेकालाही असली कुंची मिळाली नव्हती. काम करताना त्या फार बोलत नसत, आणि बोलल्या की समोरच्याचं काहीतरी काढून घेत. सुमनताई एकदा कौतुकानं म्हणाल्या, "किती बारीक टाका हो तुमचा!" तर म्हणाल्या, "डोळं गेलं म्हून बारीक घालते. दिसत असतं तर ढोबळ घातला असता."

शनिवारी पिशवी झाली. पायलीभर बाजरी पुढं केली, तर त्यांनी ती बाजूला सारली.

"आत्ता नगं. उद्या मी बी येनार पुन्याला."

"तुम्ही?"

"पैल्या दिशी गोधडी कशी सांभाळती ते बगितल्याबिगर मी दाना घेत न्हाई. मानूस आसंल तर सकाळी जाऊन इचारते, झोप लागली का म्हून. ह्यो मानूस न्हाई, तर ह्याच्याबरुबर जाया लागंल."

रविवारी दुपारी कारखान्याच्या ट्रकमध्ये आम्ही निघालो. पुढं ड्रायव्हरशेजारी दौलतराव, मांडीवर पेटी. मागं आम्ही सगळे, आणि मधोमध लाल काठाच्या गोधडीत, कुंची घालून आडवा झालेला बेस. त्याचं बूड जरा बाहेर येत होतं म्हणून मागचं फळकूट उघडंच ठेवलेलं. त्याच्या एका बाजूला लक्ष्मणराव, दुसऱ्या बाजूला गवराबाई. खड्डा आला की दोघांचे हात एकदम त्याच्यावर पडत. मी पाहत होतो. चीर बोलली नाही, काही नाही. मला वाटलं, जिंकलं.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. गाडी यायची होती. आमच्या मागं पाच-सहा म्हशी येऊन थांबल्या. त्यांतली एक पुढं आली, तिनं बेसच्या बुडाशी नाक लावलं, आणि हुंगू लागली. "बघा, म्हशीलासुद्धा संगीत कळतं," असा विनोद मी केला. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट वेळी केलेला विनोद. कारण तेवढ्यात म्हशीनं गोधडीचा कोपरा दातांत धरला आणि मान झटकली.

बेस सरकला. लक्ष्मणरावांनी मिठी मारली ती हवेला. गवराबाईंच्या हाती एक बंद आला, तोही निसटला. आणि तो सहा फुटी बेस, कुंचीसकट, ट्रकातून खाली रस्त्यावर पडला.

धप्प.

फाटकापाशी उभी असलेली दोन माणसं टोप्या काढून उभी राहिली, त्यांना काय वाटलं देव जाणे. म्हैस मात्र कोपरा चघळत होती. लक्ष्मणराव उडी टाकून खाली गेले, पण बंद सोडायचं सोडून कुंचीच नीट करत बसले. ते काम गवराबाईंनी केलं. एक, दोन, तीन, पंधराच्या पंधरा बंद सोडले. लक्ष्मणरावांनी आत हात घातला, डाव्या कुशीला. बोटं चिरेवरून फिरली. मग त्यांनी अंगठ्यानं सर्वांत जाड तार छेडली.

विहिरीच्या तळाशी कुणीतरी "हं" म्हणालं.

"शाबूत हाय," लक्ष्मणराव म्हणाले, आणि रस्त्यातच बसले.

दौलतराव पुढून उतरून आले होते. "मी म्हणत होतो! पहिल्यापासून म्हणत होतो! हे लटांबर..." एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर गोधडीच्या आतल्या पदरावर गेली होती, तिथं निळ्या शाईचा एक डाग होता. ते वाकले, डाग नीट निरखला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे माझं धोतर आहे." ते मुकाट्यानं जाऊन पेटीशेजारी बसले.

मी मात्र तो चावलेला कोपरा तपासत होतो. टाके उसवले होते आणि आतून काहीतरी बाहेर आलं होतं. ओढून काढलं. बाजरीची भाकरी! चतकोर, वाळलेली, वर गुळाचा खडा.

"गवराबाई! हे काय?"

"भाकर."

"ते दिसतंय! पण पिशवीत?"

"शेवटचा टाका मिटायच्या आदी घालाया लागती. गोधडी उपाशी धाडू नाई. उपाशी गोधडी कुनाला ऊब देत न्हाई."

"अहो, त्या भाकरीपायी बेस पडला!"

"आन् पडून जगला कशापायी?"

मी त्या चतकोराकडं बघत राहिलो. पाडलं त्याच भाकरीनं, आणि जगवलं त्याच भाकरीच्या गोधडीनं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या. स्टोअर्समध्ये असलं काही नोंदवायला रकाना नसतो. गवराबाईंनी भाकरी माझ्या हातून घेतली, निम्मी मोडून म्हशीला दिली, उरलेली पुन्हा कोपऱ्यात घातली आणि फाटक उघडायच्या आत टाके मारून मोकळ्या झाल्या.

पुण्यातलं सभागृह भरलेलं होतं. पाच कारखान्यांचे वाद्यवृंद. आमचा चौथा. गवराबाईंना मी मागच्या बाजूला कामगारांच्या बाकावर बसवलं आणि विंगेत जाऊन उभा राहिलो. लक्ष्मणरावांनी दहा वर्षांनी पहिल्यांदाच माणसांपुढं बेस उभा केला. डोळे मिटले. दौलतरावांनी पेटी अशी दामटली की मला मधूनच वाटायचं, बेस वाजतोय की लक्ष्मणराव नुसताच हात हलवतायत. पण त्यांच्या मानेची शीर दिसत होती, बोटं दिसत होती. दहा वर्षांची ज्वारी त्या बोटांतून बाहेर पडत होती. टाळ्या पडल्या. बक्षीस काही मिळालं नाही. क्लॅरिनेटची तारीफ झाली.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही बाहेर व्हरांड्यात जमलो. लक्ष्मणराव भिंतीशी बसून बेसचे बंद बांधत होते. कुंची घालून झाली होती. दौलतराव आले. रागात नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

"लक्ष्मणराव, मी शब्दाचा माणूस आहे. चार जणांना विचारलं. परीक्षकांना विचारलं, चहावाल्याला विचारलं. पेटी ऐकू आली म्हणाले, फिडल ऐकू आलं म्हणाले. बेस होता का, असं उलट मलाच विचारलं एकानं. आता तुम्हीच सांगा."

लक्ष्मणरावांनी सातवा बंद बांधला, आठवा हातात धरला. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "उद्या गाडी आनतो."

पिशवी मी जाळली, गोधडी मी आणवली, भाकरी मी काढली, आणि शेवटी निघाला काय, कणगीचाच रस्ता. त्याच वेळी सभागृहाच्या दारातून गवराबाई बाहेर आल्या, चष्मा पुसत, चालताना जरा अवघडलेल्या. मी त्यांना मध्येच गाठलं. दौलतरावांच्या पुढ्यातच विचारलं. दुसरं कुणी उरलंच नव्हतं विचारायला.

"गवराबाई, खरं सांगा, अगदी खरं. आमचा बेस तुम्हाला ऐकू आला का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दौलतरावांकडं पाहिलं, मग लक्ष्मणरावांच्या हातातल्या बंदाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "ऐकू काय बी न्हाई आलं, कारकून, बुडाखालचं बाकडं मातुर लई हाललं."